तिसरी पट्टी

आत्या कोपऱ्यावर उभी होती. घडलं ते एवढंच. शाळा सुटल्यावर मी सायकलवरून नारायण पेठेत शिरले, तर आमच्या बोळाच्या तोंडाशी, झेरॉक्सवाल्यासमोरच्या विजेच्या खांबाला एक हात टेकवून हेमाआत्या उभी. दुसऱ्या हातात वाचनालयाची पिशवी. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघतेय, किंवा समोरच्या दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्वदीर्घाच्या चुका शोधतेय, कारण तेही ती करते. मी घंटी वाजवली. तिने माझ्याकडे बघितलं, हसली, आणि आज भाजी काय असं विचारावं इतक्या सहज म्हणाली, "सुरुची, आपण डावीकडेच ना गं?" मी हो म्हटलं. मग सायकलवरून उतरले. डावीकडेच. दुसरं काय असणार? या बोळात ती अट्ठावन्न वर्षं राहिलीय. इथल्या कुत्र्यांच्या आज्यासुद्धा तिला माहीत आहेत.

कुणाला वाटेल, त्यात काय एवढं, वय झालं की होतं. पण माझी आत्या म्हणजे एकतीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई. वर्गात शिरल्या शिरल्या ती पहिल्या बाकावरच्या कुणालाही उठवून विचारायची, उत्तर कुठे? आणि ज्याने खिडकीकडे हात केला त्याला म्हणायची, उत्तर तिकडेच आहे, पण तू बघितलं नाहीस, अंदाज केलास, बस. तिने आयुष्यात कुणाला पत्ता विचारलेला मी ऐकला नव्हता. पुण्यात पत्ता विचारणाऱ्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते माहीत असल्यामुळे असेल, असं बाबा म्हणतो. तर ती बाई मला डावीकडे ना म्हणून विचारत होती, मला, आणि उत्तर मिळाल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही. हायसं वाटलं होतं तिला. मी एका हाताने सायकल धरली, दुसऱ्या हाताने तिची पिशवी घेतली, आणि डावीकडे वळले. ती माझ्या अर्धं पाऊल मागे चालत होती. माझ्या मागे. आणि माझ्या पाठीवरच्या दप्तराच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, त्या एकोणीस निळ्या पट्ट्या होत्या. महिना झाला, मी त्या रोज शाळेत नेत होते आणि परत आणत होते.

घरी ठेवल्या तर आईला सापडतील, आणि टाकून द्यायचं म्हटलं तर हात पुढे व्हायचा नाही. एकदा कचऱ्याच्या गाडीपर्यंत गेलेसुद्धा. ओला-सुका वेगळा करणाऱ्या ताईंनी हात पुढे केला आणि मी म्हटलं, काही नाही, असंच.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं कोकणात गेलो, बाबा, आत्या आणि मी. आईच्या बँकेत ऑडिट होतं. आत्या पुढच्या सीटवर, मांडीवर कागदी नकाशा, कारण फोनवर तिचा विश्वास नाही. ती म्हणते, फोन कुठे वळायचं ते सांगतो, आपण कुठे आहोत ते सांगत नाही. ताम्हिणी उतरेपर्यंत मी मागून अखंड बडबड करत होते. मी आता बडबड करते, हे सांगायला हवं. सातवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते. हजेरीला 'उपस्थित' म्हणायचं तरी घसा आवळायचा. आत्याने दोन वर्षं रोज संध्याकाळी मला तिच्या गॅलरीत उभं करून खालच्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लावलं. सुरुवातीला मी नुसती गावांची नावं वाचायचे. खालून कुणीतरी ओरडायचं, पुढचं स्टेशन कुठलं हो ताई? आत्या वरून सांगायची, तुमचं आलं, उतरा. आणि या वर्षी, नववीत, मी आंतरशालेय वक्तृत्वात पहिली आले, पर्यावरण मंडळाची प्रमुख झाले, आणि मला वाटायला लागलं की जग म्हणजे एक मोठं सभागृह आहे आणि माइक माझ्या हातात आहे. प्लास्टिक हा माझा विषय होता. जंगलात जाताना रिकाम्या हाताने जा, येताना प्लास्टिक घेऊन या, हे वाक्य माझंच. शाळेच्या फळ्यावर अजून आहे.

आम्ही उतरलो ते घर सड्यावर होतं, उंचावर, आणि समुद्र खाली. मधे सगळं रान. गाडीरस्ता नाही, म्हणूनच खाली कुणी जात नाही, आणि म्हणूनच आम्हाला जायचं होतं. घरमालकीण आनंदीबाई सकाळी घावने वाढता वाढता वाट समजावून सांगत होत्या. ते मी ऐकलं नाही. मी बाहेर नळावर बाटल्या भरत होते आणि काय सांगायचंय त्यांना, उतार आहे, उतरायचं, असं म्हणत होते, मनात. नंतर ते सगळं मला आत्याच्या तोंडून, बाबाच्या तोंडून, पुन्हा आनंदीबाईंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकावं लागलं की आता मी तिथे पाटावर बसून ऐकल्यासारखं आठवतं. वाटेला फाटे फार आहेत, आनंदीबाई म्हणाल्या, गुरांच्या वाटा, लाकडांच्या वाटा. दरवर्षी पाऊस संपला की मी प्रत्येक वळणावर निळ्या ताडपत्रीची पट्टी बांधून ठेवते. पट्टी दिसली की पुढे, नाही दिसली तर मागे फिरायचं. फाटकापाशीच दोन आहेत, बघा, तशाच.

आत्याचा गुडघा दुखतो. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी माझ्या चालीने पट्ट्या बघत येते, मला पळवू नका. बाबाला ते बरंच वाटलं. आणि मी तर केव्हाची पुढे पळाले होते.

रान कसं होतं ते मी तेव्हा नीट बघितलं नाही, नंतर बघितलं, डोळे मिटून, कितीतरी वेळा. वरती सगळं मिटलेलं. ऊन खाली येतच नव्हतं, पानापानांतून गाळून नुसता हिरवट उजेड येत होता, जुन्या बाटलीच्या आत असतो तसा. गारंबीचे वेल माझ्या कमरेएवढे जाड, एका झाडावरून उतरून दुसऱ्यावर चढलेले, कुठून सुरू होतात ते कळत नाही. पायाखाली पानांचा ओला थर, पाऊल आत जायचं आणि बाहेर येताना चुप्प असा आवाज यायचा. रातकिडे भर सकाळी ओरडत होते, आणि मधेच सगळे एकदम थांबायचे, कुणीतरी बटण दाबल्यासारखे. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती. आणि अशा रानात, कोकमाच्या फांदीला, प्लास्टिक. निळं, घाणेरडं, टोकं विरलेलं. मला इतका राग आला. फाटकापाशी दोन होत्या त्या घरच्या म्हणून सोडल्या होत्या, पण इथेसुद्धा? माझ्या प्रथमोपचाराच्या पाकिटात छोटी कात्री होती. मी गाठ कापली आणि पट्टी पाठीवरच्या सॅकमध्ये टाकली. थोडं पुढे आणखी एक. मग आणखी एक. मी एकही सोडली नाही. बाबा मागून माझ्या लाल टोपीकडे बघत येत होता, पाय घसरू नये म्हणून अर्धं लक्ष खाली. तो ओरडून म्हणाला, वाट बरी सापडते गं तुला! आणि मी मागे वळून म्हटलं, मग! खरंच वाटत होतं मला ते. प्रत्येक फाट्यावर माझे पाय आपोआप बरोबर बाजूला वळत होते. मी पट्टीकडे धावत होते आणि मला वाटत होतं की मी वाटेकडे धावतेय.

किनारा अगदी मिटल्या मुठीसारखा होता. दोन्हीकडे काळे खडक, मधे वाळू, वाळूवर एकही पाऊल नाही. मी किंचाळत पाण्यात गेले. एकोणीस पट्ट्यांचं प्रदर्शन आत्या आल्यावर करायचं ठरवलं होतं, वाळूवर एकापुढे एक मांडून, भाषणासकट. अर्धा तास झाला. तास झाला. बाबा दोनदा रानाच्या तोंडाशी जाऊन हाका मारून आला. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याने पँटचे दुमडलेले पाय खाली सोडले होते. तो म्हणाला, "तू इथेच थांब. हलू नकोस. ती आली तर तिला बसवून ठेव. चुकायची नाही ती, त्या बाईंनी प्रत्येक वळणावर निळी पट्टी बांधलीय ना."

समुद्राचा आवाज बंद झाला. म्हणजे झाला नसणार. मी तोंड उघडलं. पट्ट्या माझ्या पाठीवर होत्या, बाबापासून हातभर अंतरावर. एक वाक्य. सभागृहात मी सात मिनिटं न थांबता बोलते, आणि इथे एक वाक्य घशापर्यंत आलं आणि सातवीत जसं थांबायचं तसं थांबलं, त्याच जागी. बाबाने माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, शूर आहेस तू, आणि रानात गेला. ज्या रानात आता एकही पट्टी नव्हती त्या रानात मी त्यालाही जाऊ दिलं.

त्यानंतरचे अडीच तास मला कुणालाच सांगता येणार नाहीत. फोनला रेंज नव्हती. मी वाळूच्या मधोमध बसले होते, कारण खडकाजवळ गेलं की पाणी जवळ यायचं आणि झाडांजवळ गेलं की झाडं. भरती चढत होती. मला कळत होतं की ही फक्त भरती आहे, आत्यानेच शिकवलंय, चंद्र वगैरे, पण वाळू कमी होत होती आणि रान होतं तेवढंच होतं. ते माझ्याकडे बघत होतं असं म्हणणार नाही, तसं असतं तर बरं झालं असतं. ते बघतच नव्हतं. दोन माणसं आत घेऊन ते तसंच उभं होतं, आत काहीच गेलं नसल्यासारखं. रातकिडे थांबले की मला वाटायचं, आता. काय आता, ते कळायचं नाही. शंख पाठीवर घेतलेला एक खेकडा माझ्या बुटापर्यंत आला, थांबला आणि वळून गेला. मी एकदा पट्ट्या बाहेर काढल्या. मनात आलं, धावत जावं आणि जिथून कापल्या तिथे बांधून यावं. पण कुठून कापल्या होत्या? रानाच्या तोंडाशी उभी राहिले तर समोर तीन वाटा. सकाळी तीन वाटा नव्हत्याच. सकाळी एकच होती.

उन्हं कलल्यावर मला न्यायला बाळकाका आले. आनंदीबाईंचे दीर, पन्नाशीचे, नाव बाळ. म्हणाले, सापडल्या बाई, बाबापण आहेत वर, रडू नको. मी रडत नव्हते. ते पुढे, मी मागे. पहिल्या वळणावर ते थांबले, एका फांदीवरून हात फिरवला, जिथे गाठ असायला हवी होती तिथे. दुसऱ्या वळणावर पुन्हा. तिसऱ्या वळणावर खाली वाकून त्यांनी पानांवरून काहीतरी उचललं, नखाएवढा निळा तुकडा, सरळ कापलेला. मग त्यांनी माझ्या सॅककडे बघितलं. खूप वेळ नाही. "वाऱ्यानं गेल्या असतील," ते म्हणाले, आणि पुढे चालायला लागले. त्या पाठमोऱ्या माणसाची मला जेवढी भीती वाटली तेवढी रानाचीसुद्धा वाटली नव्हती.

बाबा हाका मारत, वाट सोडून सरळ चढ चढून माणसं घेऊन आला होता, पट्ट्यांकडे त्याने बघितलंच नव्हतं. आत्या एका कोरड्या ओहोळात सापडली, दगडावर बसलेली, घोटा सुजलेला, चष्मा हातात. तिने विचार बरोबरच केला होता. दोन पट्ट्या दिसल्या, तिसरी दिसेना. मागे फिरायचं तर फाटे पडून गेलेले. आकाश दिसत नाही म्हणजे सूर्य नाही, समुद्राचा आवाज सगळीकडून. मग ती म्हणाली, पाणी समुद्राकडेच जातं, आणि ओहोळात उतरली. भूगोल बरोबर होता. दगड शेवाळलेला होता. हाका मारून मारून तिचा आवाज बसला होता, आणि मला बघून ती पहिलं काय म्हणाली, तर तू भिजलीस का, कपडे बदल.

इथपर्यंतही सगळं निस्तरता आलं असतं. दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाला, हाड शाबूत. चार दिवसांनी बाबाने आनंदीबाईंना फोन लावला, भांडायलाच. तुम्ही पट्ट्या आहेत म्हणालात, माझ्या बहिणीला फाटकापुढे एक दिसली नाही. मी शेजारी बसले होते. फोन स्पीकरवर होता. आनंदीबाई बिचाऱ्या म्हणाल्या, असं कसं हो, मी स्वतः कालच बघून आले, सगळ्या जागच्या जागी आहेत, तिसरी तर डोळ्यांसमोर, कोकमाला. हवं तर फोटो पाठवते. आणि फोटो आला. कोकम, फांदी, निळी पट्टी. नवी, करकरीत निळी. मला तत्क्षणी कळलं. बाळकाकांनी कुणाला न सांगता पुन्हा बांधल्या होत्या. त्यांनी मला वाचवलं होतं. आणि बाबा फोटो मोठा करून बघत होता, मग त्याने फोन खाली ठेवला, आणि स्वयंपाकघरात जाऊन आईशी हळू आवाजात बोलायला लागला. मला 'ताईचं' आणि 'वय' एवढंच ऐकू आलं.

मग सगळ्यांना सगळं आठवायला लागलं. गेल्या महिन्यात आत्या गॅस बंद करायला विसरली होती. माझ्या मामेभावाच्या, केयूरच्या मुंजीत तिने कुणाला तरी दुसऱ्याच नावाने हाक मारली होती. असल्या गोष्टी आईपण करते, पण आईला कुणी रानात तिसरी पट्टी दिसली का म्हणून विचारलेलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आत्याने तो फोटो बघितला. चष्मा पुसून दोनदा बघितला. वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने वाद घातला नाही. म्हणाली, असेल बाबा, माझंच लक्ष नसेल. तेव्हापासून ती कमी बाहेर पडायला लागली. पिशवीत स्वतःच्या पत्त्याची चिठ्ठी ठेवायला लागली, तिच्या त्या सुबक फळ्यावरच्या अक्षरात. आज कोपऱ्यावर वाट विचारायची वेळ आली. उद्या सकाळी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली आहे, आणि ते काहीही म्हणोत, पुढच्या महिन्यापासून ती आमच्याकडे मागच्या खोलीत राहायला येणार आणि तिचं घर भाड्याने जाणार, असं ठरल्यातच जमा आहे. ठरवताना ती समोर बसून शेंगा सोलत होती, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय अशी.

हे सगळं त्या बोळातल्या शंभर पावलांत. जिन्यात ती म्हणाली, थांब, किल्ली. किल्ली तिच्या गळ्यातच होती, दोरीत, लहान मुलांच्या असते तशी. घरात शिरल्यावर तिने मला लाडू दिला आणि कुणी बघत नाही ना अशा आवाजात विचारलं, "उद्या ते डॉक्टर आठवण तपासायला घड्याळाचं चित्र काढायला लावतात म्हणे. कागदावर. मी कालपासून काढून बघतेय." टेबलावर खरंच कागद होते. पाच-सहा घड्याळं. सगळी बरोबर. एकात तिने अकरा वाजून दहा मिनिटं दाखवून शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मी लाडू खाली ठेवला. मला वाटत होतं की हिला कळलं की ही मला पुन्हा कधी त्या गॅलरीत उभं करणार नाही. दप्तर उघडलं. दुधाची पिशवी काढली. मांडल्या मी, जशा वाळूवर मांडायच्या होत्या तशाच, घड्याळांच्या कागदांवर, एकापुढे एक. भाषण आलं नाही. मी फक्त म्हटलं, "ही तिसरी."

आत्याने ती उचलली. उजेडाकडे धरली. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग बाकीच्यांकडे बघितलं. मी काय काय सांगत होते ते मला आठवत नाही, कात्री, टोपी, बाबा, बाळकाका, फोटो, सगळं उलटसुलट. ती ऐकत होती की नाही तेही कळेना. ती ओरडली असती तर मी मोकळी झाले असते.

"म्हणजे ती नव्हतीच तिथे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "एक महिना."

मग ती उठली. चपला घातल्या. गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. मला म्हणाली, "तुझ्या बाबाला फोन कर. मी येईपर्यंत सगळं सांगून झालेलं पाहिजे. पहिल्यापासून, न अडखळता, शिकवलंय मी तुला." कुठे चाललीस असं मी विचारलं, तर म्हणाली, मागच्या रस्त्याने चक्कर मारून कोपऱ्यावरून परत येते. मी येऊ का म्हटलं. "तू पुढे चालू नकोस आता," ती म्हणाली. बस्स. त्यात राग नव्हता. नुसती सूचना होती, भूगोलाच्या बाईंची.

मी गॅलरीत उभी राहून फोन लावला. बाबा ऑफिसात होता, आधी त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी सांगत राहिले. खाली झेरॉक्सवाल्याकडे गर्दी होती, टेम्पो अडकला होता, आणि कोपऱ्यावर आत्या नव्हती. मागच्या रस्त्याला चार मिनिटं लागतात. आठ झाली. दहा झाली. किनाऱ्यावरचे ते अडीच तास पुन्हा वर आले. डोळ्यांसमोर पेठेतल्या गल्ल्या फुटत गेल्या, एकीतून दुसरी, आणि सगळ्यांच्या वर ते मिटलेलं हिरवं. पट्ट्यांच्या आधीच तिचं खरंच काही बिघडलेलं असेल तर? एक महिना तिला वेडं ठरवल्यावर खरं सांगून काय उपयोग? बाबा विचारत होता, ती कुठेय, सुरुची, ती आत्ता कुठेय?

आणि ती दिसली. टेम्पोच्या मागून आली, लंगडत, आणि खांबापाशी थांबली. हात खांबावर ठेवला, तसाच. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मी वर होते, तिला दिसले असते, पण ती वर बघत नव्हती.

"खाली आहे," मी म्हटलं. "कोपऱ्यावर उभी आहे."

"मग सांग तिला. हाक मार."

खालच्या रस्त्याला ऐकू जाईल असा आवाज माझ्याकडे आहे, तिनेच दिलेला. मी हाक मारली नाही, कठडा घट्ट धरला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आत्या मान वळवून त्याला काहीतरी म्हणाली, बहुतेक चांगलंच लागेलसं, कारण हॉर्न थांबला. मग तिने खांबावरचा हात काढला आणि कुणाला न विचारता डावीकडे वळली.